हुरूप तिसऱ्या आठवड्यात कुठं जातो?

दिवाळी सरली की लातूरच्या क्रीडा संकुलात पहाटे साडेपाचला गर्दी उसळते. नवे बूट, नवे ट्रॅकसूट, दोघा-तिघांच्या घोळक्यानं आलेली वीस-पंचवीस वर्षांची पोरं-पोरी. संक्रांतीपर्यंत ही गर्दी निम्म्यावर येते. महाशिवरात्रीनंतर ऊन चटके द्यायला लागलं की मैदानावर उरतात ती पोलीस भरतीची पोरं आणि आमच्यासारखी जुनी चालणारी मंडळी. गळालेल्यांपैकी कुणी बाजारात भेटलं, तर बोलताना त्याची नजर खाली जाते. "काका, मोटिव्हेशनच राहिलं नाही," एवढंच म्हणतो.

त्या खाली गेलेल्या नजरेचं मला वाईट वाटतं, कारण त्यातल्या बहुतेकांचं काही चुकलेलं नसतं. शरीर आणि मन कसं चालतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

त्यातच २०२५ मध्ये वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं भारतात आली. मार्चमध्ये मौंजारो, जूनमध्ये वेगोव्ही. तेव्हापासून एक नवा प्रश्न कानावर येतो: इंजेक्शन घेतलं तर हे पहाटे उठणं, पळणं कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्याला हसू नये. त्याचं उत्तर मी शेवटाकडं देतो, कारण त्याआधी काही गोष्टी नीट बघाव्या लागतील.

मोटिव्हेशनला आपल्याकडं चांगला शब्द आहे, हुरूप. या लेखात तोच वापरतो.

## आधी धरणाचा हिशेब

मराठवाड्यातल्या माणसाला धरणाचा हिशेब शिकवावा लागत नाही. पावसाळा सुरू झाला की मोबाईलवर रोज नाथसागराचा निरोप येतो: आवक इतकी, विसर्ग इतका, साठा इतके टक्के. शरीराचा हिशेब तसाच आहे. खाल्लेलं अन्न ही आवक. श्वास घेण्यापासून पळण्यापर्यंत जे खर्च होतं तो विसर्ग. उरलेलं चरबीच्या रूपानं साठतं.

ही आवक-जावक मोजायचं माप म्हणजे किलोकॅलरी. बोलताना आपण नुसतं कॅलरी म्हणतो. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे रोज खर्चापेक्षा ५०० कॅलरी कमी घेतल्या, तर एक किलो चरबी उतरायला जवळपास पंधरा दिवस लागतात. आठवड्याला अर्धा किलो. हा वेग ऐकून पोरांचे चेहरे पडतात, कारण मित्राचं पहिल्याच आठवड्यात दोन-अडीच किलो उतरलेलं त्यांनी बघितलेलं असतं.

ते उतरतं, खोटं नाही. पण ते धरणातलं पाणी नसतं, गच्चीवरच्या टाकीतलं असतं. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक छोटा साठा तयार ठेवलेला असतो, आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं एकदम कमी केलं की शरीर आधी ही टाकी रिकामी करतं. साखर वापरली जाते, पाणी लघवीवाटे जातं, काटा झरझर खाली येतो. टाकी संपली की खरा साठा उतरायला लागतो, आणि तो आपल्या संथ चालीनंच उतरतो.

माझा पुतण्या वाळूजच्या एमआयडीसीत कामाला आहे. तेविसाव्या वर्षी ८४ किलो झाला तेव्हा त्यानं भात, भाकरी सगळं बंद करून काकडी आणि ताकावर दिवस काढायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात अडीच किलो उतरलं. घरच्या ग्रुपवर काट्याचा फोटो टाकला, आम्ही सगळ्यांनी शाबासकी दिली. दुसऱ्या आठवड्यात अर्धा किलो. तिसऱ्या आठवड्यात काटा जागचा हलला नाही. चोविसाव्या दिवशी त्यानं सोडून दिलं. त्या तिसऱ्या आठवड्यातही त्याची थोडी चरबी उतरतच असणार, पण पोटातलं अन्न, रात्री जास्त पडलेलं मीठ, धरून ठेवलेलं पाणी यांनी काट्यावरचा आकडा किलो-दीड किलो सहज इकडंतिकडं होतो. मुलींना तर महिन्याच्या पाळीआधी हा फरक हमखास दिसतो. अर्ध्या किलोची खरी घट या चढउतारात दडून जाते.

म्हणून रोज काट्यावर चढून त्या दिवसाचा मूड ठरवू नका. रोज बघायचंच असेल तर आठवड्याची सरासरी काढा आणि या आठवड्याची मागच्याशी ताडून बघा.

## मग शरीर पाणीकपात लावतं

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. त्या दिवसांत घराघरांत काय झालं ते आठवा. भांडी विसळलेलं पाणी झाडांना, कपडे धुतलेलं पाणी संडासाला. कुणी सरकारी आदेश काढायची गरज नव्हती, टंचाई दिसली तसा प्रत्येकानं हात आखडता घेतला.

शरीरही हेच करतं. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं एक संप्रेरक, म्हणजे रक्तातून जाणारा रासायनिक निरोप, मेंदूला पाठवत असतात. साठा किती आहे याचा तो रोजचा अहवाल. हे १९९४ मध्ये अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत उलगडलं. खाणं फार कमी झालं आणि साठा उतरू लागला की हा निरोप क्षीण होतो, आणि मेंदू दुष्काळ जाहीर करतो. भूक वाढवतो. खर्च कमी करतो. तुमच्या नकळत तुम्ही कमी हलता, जिना टाळता, बसल्या जागी पाय हलवणंही थांबतं. थकवा येतो, चिडचिड होते. याला तुम्ही "हुरूप गेला" म्हणता.

अमेरिकेत टीव्हीवर वजन घटवण्याची एक मोठी स्पर्धा व्हायची. त्यातल्या १४ स्पर्धकांना केव्हिन हॉल या संशोधकाच्या गटानं सहा वर्षांनी पुन्हा तपासलं आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं. त्याहून चकित करणारी गोष्ट म्हणजे, त्यांच्या वजनाच्या मानानं जितका असायला हवा त्यापेक्षा त्यांच्या शरीराचा बसल्या जागचा खर्च दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता. पाणीकपात सहा वर्षांनीही उठली नव्हती.

"मग प्रयत्नच कशाला करायचा?" असं वाटणं साहजिक आहे. पण त्या स्पर्धेत माणसं सात-आठ महिन्यांत पन्नास-साठ किलो उतरवत होती. इतका मोठा दुष्काळ पाडला तर शरीर इतकी मोठी कपात करणारच. शिवाय त्याच स्पर्धकांत ज्यांनी वजन बऱ्यापैकी टिकवलं, त्यांची रोजची हालचाल इतरांपेक्षा पुष्कळ जास्त वाढलेली आढळली. माझ्या मते यातून घ्यायचं ते हेच, की काकडी-ताकाचे प्रयोग टाळावेत. तूट लहान ठेवावी, पोट भरेल असं खावं, आणि हालचाल कायमची वाढवावी.

## भरतीची पोरं कशी टिकतात?

आता पुन्हा मैदानावर येऊ. वजन उतरवायला आलेला मुलगा तीन आठवड्यांत गळतो आणि भरतीचा मुलगा दोन-दोन वर्षं रोज पळतो. दोघं एकाच गावचे, कधी एकाच खोलीत राहणारे. भरतीवाल्याची जिद्द मोठी असते हे खरं, पण मला त्याच्याभोवतीची मांडणी जास्त महत्त्वाची वाटते.

पोलीस भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मुलाला आपला १६०० चा टायमिंग सेकंदापर्यंत पाठ असतो. मागच्या महिन्यापेक्षा तो आठ सेकंदांनी उतरला, हे त्याला स्वतःला कळतं. अकॅडमीची वेळ ठरलेली असते. तो आला नाही तर सहा जण फोन करतात. आज पळायचं की नाही हा प्रश्न त्याच्यापुढं सकाळी उभाच राहत नाही, तो कधीच सुटलेला असतो.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हुरूप टिकण्यासाठी माणसाच्या तीन गरजा सांगितल्या आहेत. निर्णय आपला स्वतःचा वाटला पाहिजे. आपल्याला हे जमतंय, याची जाणीव होत राहिली पाहिजे. आणि सोबत हवी. भरतीच्या मुलाला तिन्ही मिळतात. वजन उतरवायला आलेल्याचं बघा. आत्यानं लग्नात चार लोकांत "किती सुटलास रे" म्हटलं म्हणून तो आलेला असतो. म्हणजे निर्णय अर्धा आत्याचा. जमतंय की नाही हे सांगणारा एकच साक्षीदार, वजनकाटा, आणि तो महिनाभर उलटसुलट बोलतो. सोबतीला आलेला मित्र चौथ्या दिवशी झोपून राहतो.

जाता जाता त्या आत्यांना, काकांना आणि मित्रांना एक विनंती. "जाड्या", "ढोली" अशी हाक मारली की चिडून तरी पोरगं व्यायामाला लागेल, असं आपल्याकडं मनापासून मानतात. वजनावरून अपमान सोसणाऱ्यांवर अभ्यास झाले आहेत, आणि ते उलटं सांगतात: अशा माणसांचं वजन पुढं वाढण्याची शक्यता जास्त असते. लाज वाटलेलं माणूस मैदान टाळतं आणि एकटं बसून खातं.

## भरती झाल्यावर काय होतं?

हे मात्र कुणी फारसं बोलत नाही. भरती झालेला असो की वय निघून गेल्यानं बाहेर पडलेला, दोन-तीन वर्षांनी तोच मुलगा पोट सुटलेला भेटतो. दोन वर्षं रोज पळालेली सवय कुठं गेली?

त्याच्या हुरुपाला मुदत होती. निकाल लागला त्या दिवशी ती संपली. आणि भूक मात्र पळणाऱ्याचीच राहिली. लग्नाआधी तीन महिने जिम लावणाऱ्या मुला-मुलींचं तंतोतंत हेच होतं. हळद फिटली की जिमही सुटतं. मुदतीचा हुरूप वाईट नाही, गाडी धक्का मारून सुरू करायला तो उत्तम. पण धक्क्यावर गाडी नांदेडपर्यंत जात नाही.

म्हणून भरतीवाल्यांकडून मांडणी घ्यावी आणि तिच्यात शेवटची तारीख नसलेलं कारण घालावं. कारण लहान असलं तरी चालतं. देवगिरीचा किल्ला न थांबता चढता यावा. बापाला असलेली शुगर आपल्याला चाळिशीआधी गाठू नये. रात्री शांत झोप लागावी. एका मुलीनं मला सांगितलं की ती पाऊण तास चालते त्या दिवशी तिला अभ्यासाला बसवतं, नाहीतर डोकं जड राहतं. मला हे कारण सगळ्यात मजबूत वाटलं, कारण त्याचं फळ त्याच दिवशी मिळतं. वजन उतरायला महिने लागतात, मन हलकं व्हायला अर्धा तास पुरतो.

मोजमापही बदला. पॅंटचा पट्टा कुठल्या भोकात बसतो, तिसऱ्या मजल्यावर गेल्यावर किती धाप लागते, एक किलोमीटर किती मिनिटांत होतो. यातलं काही ना काही दर पंधरवड्याला सुधारताना दिसतं, आणि "जमतंय" ही जाणीव तिथून मिळते.

## सवय लागायला किती दिवस?

एकवीस दिवस, असं सगळीकडं ऐकू येतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर हे मोजून बघितलं. २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. प्रत्येकानं एक साधी गोष्ट निवडली आणि ती रोज ठरलेल्या एका प्रसंगानंतर करायची होती. ती अंगवळणी पडायला मधला आकडा आला ६६ दिवस, पण कुणाला १८ पुरले तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. पाणी पिण्यासारख्या सवयीपेक्षा व्यायामाला जास्त काळ लागला. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येणं हे अगदी वेळापत्रकाला धरून आहे.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती मला प्रत्येक पोराला सांगावीशी वाटते. मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. खाडा पडला की "आता सगळंच मुसळ केरात" म्हणून सोडून देण्याचं कारण उरत नाही.

सवय कशाला तरी बांधावी लागते. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९९९ मध्ये याला साधं रूप दिलं: जर हे झालं, तर मी ते करीन. "रोज व्यायाम करीन" हा नुसता संकल्प झाला. "क्लास सुटला की सायकल न काढता आधी संकुलाला दोन चकरा मारीन" याला प्रसंग आहे, जागा आहे. घड्याळाच्या वेळेपेक्षा प्रसंगाला बांधणं आपल्याकडच्या शिफ्टवाल्या पोरांना जास्त सोयीचं. एका आठवड्यात फर्स्ट शिफ्ट, दुसऱ्यात नाईट, अशा माणसानं पहाटे साडेपाचचा नियम करणं म्हणजे स्वतःला नापास करून घेणं. त्याचा प्रसंग "शिफ्ट सुटली की" हा असावा.

ऋतूही आधीच धरा. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२ च्या पुढं जातो. तेव्हा सकाळी आठला पळायला निघणं धोक्याचं आहे. मार्चपासूनच वेळ उजाडण्याआधीची करायची, नाहीतर घरात पंखा लावून सूर्यनमस्कार, बैठका. पावसाळ्यात काळ्या रानातल्या वाटेवर बूट किलोभर चिखल घेऊन येतात, तेव्हा डांबरी रस्ता किंवा देवळाचा सभामंडप. लग्नसराईत पंगती टळत नाहीत, तेव्हा चालणं सोडायचं नाही एवढंच पाळा.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. दहा हजार पावलांचा आकडा तर १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय. तो पुरा झाला नाही म्हणून दिवस वाया गेला असं काही नाही.

## मेसचा डबा आणि टपरीचा चहा

तासभर भरभर चाललं तर सत्तर किलोच्या माणसाच्या साधारण २८० कॅलरी जातात. आता चहाचा हिशेब करा. दोन चमचे साखरेचे पाच चहा म्हणजे पन्नास ग्रॅम साखर, २०० कॅलरी, दूध वेगळंच. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर अधिक चांगलं म्हणते. लातूरला शिकवणीसाठी आलेला मुलगा सकाळपासून रात्रीपर्यंत बाकावर बसतो, आणि दर दोन तासांनी जागं राहायला टपरीवर जातो. साखर निम्मी करणं हा त्याच्यासाठी पळण्याइतकाच मोठा बदल आहे, आणि त्याला हुरूप फारसा लागत नाही. टपरीवाल्याला एकदा सांगून ठेवायचं.

या पोरांबद्दल मला जास्तच वाटतं. सोळा ते वीस हे वय अंग घडायचं, आणि ते वय आपण त्यांना चार भिंतींत बसवून काढायला लावतो. ज्या शिकवण्या हजारोंनी विद्यार्थी घेतात त्यांनी दिवसात अर्धा तास मैदानाचा ठेवावा, ही मागणी पालकांनीच करायला हवी.

भाकरी सोडू नका. ज्वारीची भाकरी खाऊन इथल्या पिढ्या शेतात राबल्या. बिघाड झालाय तो ताटाच्या वाटणीत. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय की दिवसाच्या एकूण कॅलरींतला ४५ टक्क्यांपर्यंतच वाटा धान्यांचा असावा आणि १५ टक्क्यांपर्यंत डाळी, कडधान्यं, मांस यांचा. आपल्याकडं धान्यांचाच वाटा ५० ते ७० टक्के असतो. मेसच्या डब्यात चार पोळ्या, भाताचा ढीग आणि त्यावर पातळ वरण, हे चित्र डोळ्यांपुढं आणा. एक पोळी कमी करून वाटीभर मटकी किंवा हरभऱ्याची उसळ, दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर दही घेतलं तर पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. सकाळी सुशीला (चुरमुऱ्यांचा उपमा) खायची तर तिच्यात मोड आलेली मटकी घाला आणि तेल हात राखून. धपाटे रविवारी खुशाल खा.

उपवासावर भरवसा ठेवू नका. "एकादशी अन् दुप्पट खाशी" असं आपल्या बाया उगाच म्हणत नाहीत. साबुदाण्याच्या एका ताटलीत शेंगदाण्याचा कूट आणि तूप किती असतं ते करणारीला विचारा.

## "मी तर बारीकच आहे"

हा आक्षेप घेणाऱ्यानं एक फोटो बघायला हवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हा फोटो छापून आला. वरून सडपातळ आणि आतून चरबी, हा आपल्या लोकांचा घाट आहे. म्हणून भारतीयांसाठी बीएमआयची रेषा खाली धरतात: २३ पासून वजन जास्त, २५ पासून स्थूलता. त्याहून सोपं, शिंप्याच्या टेपनं कंबर मोजा. पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली तर लक्ष घालायची वेळ झाली. काट्यावर वजन बरोबर दिसत असलं तरी.

अशा बारीक पोरांना ताकदीचा व्यायाम सगळ्यात उपयोगी पडतो. जोर, बैठका, सूर्यनमस्कार. त्याला जिमची फी लागत नाही.

## "पोरगी एकटी कुठं पळणार?"

हा आक्षेप खरा आहे, आणि "लोकांकडं लक्ष देऊ नका" म्हणून तो सुटत नाही. तालुक्याच्या गावात पहाटे अंधारात एकटी मुलगी पळायला निघाली तर घरचे घाबरतात, रस्त्यावरची नजर त्रास देते. ज्या गावांत मुली भरतीची तयारी करतात तिथं त्या चार-पाच जणींनी मिळून जातात. त्यांच्या सोबतीला भरतीची नसलेली एखादी सहज मिसळू शकते. ते जमत नसेल तर गच्ची आणि अंगण आहे. दोरीवरच्या उड्या, बैठका, पाण्यानं भरलेल्या दोन लिटरच्या बाटल्या उचलणं. आईला सोबत घ्या. चाळिशी ओलांडलेल्या आईला या व्यायामाची गरज तुमच्याहून कमी नाही, आणि आई बरोबर असली की घरातल्यांचा अर्धा विरोध मावळतो.

पाळी अनियमित असेल, केस गळत असतील, थोडं खाऊनही वजन चढत असेल, तर थायरॉईड आणि पीसीओएसची (अंडाशय आणि संप्रेरकांशी निगडित तक्रार) तपासणी आधी करून घ्या. त्यात हुरुपाला दोष देत बसू नका. आणि खाल्ल्यावर अपराधी वाटून उलटी काढणं, दिवसदिवस उपाशी राहणं असं होत असेल, तर वजनाचा विषय बाजूला ठेवून डॉक्टरांना गाठा.

## मग इंजेक्शनच का घेऊ नये?

वेगोव्ही म्हणजे सेमाग्लुटाइड, मौंजारो म्हणजे टिर्झेपटाइड. जेवणानंतर आतड्यातून "पोट भरलं" असा जो निरोप मेंदूला जातो, त्याची नक्कल ही औषधं करतात. दुष्काळ जाहीर करणारा मेंदू त्यानं शांत राहतो, भूक मंदावते. ज्यांचा बीएमआय ३० च्या वर आहे, किंवा २७ च्या वर असून मधुमेह, रक्तदाबासारखा आजार जोडीला आहे, अशांसाठी ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहेत, आणि गरजवंतानं ती घेतली तर त्यात कमीपणा काही नाही. मळमळ, उलट्या असे त्रास होतात, आणि चरबीबरोबर स्नायूही घटतात. म्हणून इंजेक्शन घेणाऱ्यालाही डाळ-अंडी आणि जोर-बैठका चुकत नाहीत.

सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं. औषध सुटलं की शरीर पुन्हा आपल्या धरणाच्या हिशेबावर येतं, आणि त्या दिवशी हाताशी सवय असली तर ती उपयोगी पडते. पंचविशीतल्या, पाच-सात किलो जास्त असलेल्या मुलानं जिममधल्या कुणाच्या सांगण्यावरून हे टोचून घेऊ नये, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

## पंधरा दिवस मोडले तर

मोडणारच. परीक्षा येते, ताप येतो, घरात लग्न निघतं. अशा वेळी भरपाई करायला जाऊ नका. बुडालेले दहा किलोमीटर एका दिवशी पळायचे म्हटलं की गुडघा धरतो आणि आणखी महिना जातो. पहिल्या दिवशी निम्मंच करा. बूट दाराशी काढून ठेवा, ठरलेला प्रसंग आला की ते घालून दहा मिनिटं बाहेर जाऊन या.

पुतण्याचं सांगायचं राहिलं. काकडी-ताकाचा प्रयोग फसल्यावर चार महिने तो वजनाचं नावही काढत नव्हता. मग त्यानं एकच गोष्ट धरली: शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमधून खोलीच्या दोन किलोमीटर अलीकडं उतरायचं. डब्यातली एक पोळी काढून उसळ वाढवली, चहा अर्ध्या साखरेचा केला. वर्ष झालं. ८४ चे ७८ झालेत, काट्याचा फोटो त्यानं पुन्हा कधी टाकला नाही. गेल्या महिन्यात बहिणीच्या लग्नासाठी गावी आला तेव्हा अकरा दिवस चालणं नाही, पंगतीला बुंदी दोनदा. परत गेला त्या संध्याकाळी मी सहज फोन केला तर मागं गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. म्हणाला, "काका, आत्ताच बसमधून उतरलोय, चालत चालत बोलतो."